साताऱ्याची अभ्यासभेट : राजधानी, शाळा आणि लेणी

आपल्या निवासी विद्यालयाच्या अभ्यास सहलींमध्ये सातारा आणि त्याचा जिल्हा यांना स्थान द्यावे असे ठरले, तेव्हा पालकसभेत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सरळ प्रश्न केला, "राजाच्या गावात आपल्या लेकरांनी पाहायचे तरी काय?" प्रश्न तिरकस नव्हता. ज्यांच्या आजा-पणजाला वाड्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता आले नाही, त्यांच्या मनात तो येणारच. त्याला तोंडी उत्तर देण्यापेक्षा साताऱ्याचा अभ्यास नीट मांडावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी मुलांना घेऊन स्वतंत्रपणे जावे, इतपत माहिती येथे यावी असा आमचा प्रयत्न आहे. केवळ देखाव्यांची यादी देण्यात आम्हांस रस नाही.

किल्ला आणि त्याखालचे शहर

पुण्याहून दक्षिणेस सुमारे ११० किलोमीटर गेले की अजिंक्यताऱ्याचा डोंगर दिसू लागतो आणि त्याच्या उत्तर पायथ्याशी सातारा शहर पसरलेले आढळते. किल्ल्याची मूळ बांधणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकातील, मानली जाते. १६७३ मध्ये तो छत्रपती शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. पुढे औरंगजेबाने स्वतः वेढा घातला आणि एप्रिल १७०० मध्ये किल्ला त्याच्या हाती पडला. त्याने त्याचे नाव 'आझमतारा' असे ठेवले. हे नाव टिकले नाही. मराठ्यांनी किल्ला परत घेतला आणि 'अजिंक्यतारा' हे नाव रूढ झाले. पडलेल्या किल्ल्याला अजिंक्य म्हणावे, यात त्या काळच्या माणसांची जिद्द दिसते.

मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटून आलेले शाहू महाराज १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषिक्त झाले. आज आपण ज्याला सातारा शहर म्हणतो, ते त्यांनी किल्ल्यावरून खाली उतरून वसवले. शाहूनगर हे त्याचे जुने नाव. पेठा, हौद, वाडे यांची घडण तेव्हापासूनची. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज निवर्तले आणि राज्यकारभाराचे वजन पुण्यास पेशव्यांकडे सरकले. छत्रपती साताऱ्यास राहिले, सत्ता मात्र पुण्यास गेली. विद्यार्थ्यांना हा फरक समजावून सांगणे आवश्यक आहे, कारण पाठ्यपुस्तकात 'मराठ्यांची सत्ता' असे एकच नाव असते आणि तिची दोन केंद्रे मुलांच्या ध्यानात येत नाहीत.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवले आणि १८१९ च्या तहाने त्यांना मर्यादित राज्य दिले. मराठ्यांच्या इतिहासाचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा ग्रँट डफ हा तेथील पहिला इंग्रज रेसिडेंट. प्रतापसिंह हे अभ्यासू, शिस्तीचे आणि नोंदी ठेवणारे राज्यकर्ते होते. त्यांनी रस्ते बांधले, पाण्याची सोय केली, विद्येस आश्रय दिला. त्यांच्याच काळात साताऱ्यास वेदोक्ताचा वाद पेटला. छत्रपतींच्या घराण्याला वेदोक्त संस्कारांचा अधिकार आहे की नाही, यावर शास्त्री-पंडितांची खडाजंगी झाली. हा प्रसंग आम्ही मुलांपुढे मुद्दाम मांडतो. गादीवर बसलेल्या राजालाही ज्या व्यवस्थेने प्रमाणपत्र मागितले, तिने गावकुसाबाहेरच्या माणसाशी काय केले असेल, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इंग्रजांनी प्रतापसिंहांवर कटाचे आरोप ठेवून १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केले आणि काशीस पाठवले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या बाजूने दाद मागण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे खटपट करीत राहिले. एवढ्यात प्रतापसिंहांचे बंधू शहाजी तथा आप्पासाहेब हेही १८४८ मध्ये वारले आणि दत्तकपुत्र नामंजूर करून डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. त्याच्या कारकिर्दीत या तत्त्वाखाली खालसा झालेले हे पहिले संस्थान. १८५७ मध्ये साताऱ्यातही उठावाची जुळवाजुळव झाली. ती उघडकीस आली आणि त्या वर्षी ८ सप्टेंबरला गेंडा माळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला. कोणाला फाशी, कोणाला गोळी, कोणाला तोफेच्या तोंडी. रंगो बापूजींचा मुलगाही त्यांत होता. स्वतः रंगो बापूजी निसटले आणि पुन्हा कोणास दिसले नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील 'चार भिंती' हे आज या हुतात्म्यांचे स्मारक म्हणून ओळखले जाते. तेथून शहर उत्तम दिसते. मुलांना नकाशा काढायला बसवावे तर तेथेच.

शहराच्या पूर्वेस कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम आहे. संगम माहुली आणि क्षेत्र माहुली ही तेथील गावे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे मूळचे माहुलीचे. नदीकाठी देवळे आणि राजघराण्यातील समाध्या आहेत. त्यांतच शाहू महाराजांच्या एका कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचवले आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी कथा आहे. इमानी जनावराबद्दलची ती कृतज्ञता आम्हांस मनापासून आवडते. पण त्याच नदीच्या पाणवठ्यावर माणसांच्या एका मोठ्या समूहाला उतरण्याची बंदी होती, हेही तेथेच उभे राहून सांगितले पाहिजे. आमच्या एका विद्यार्थिनीने वहीत लिहिले होते, "कुत्र्याला पालखी होती. आमच्या पणजोबांना काय होते?" तिच्या वहीवर आम्ही कोणताही शेरा मारला नाही.

राजवाड्यातील शाळा

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. राजवाडा चौकात प्रतापसिंह महाराजांच्या काळातील जुना राजवाडा आहे. या वाड्यात इंग्रजी शाळा भरू लागली. १८५१ मध्ये सुरू झालेली ही सरकारी शाळा आज छत्रपती प्रतापसिंह महाराज हायस्कूल या नावाने परिचित आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेच्या पहिल्या इंग्रजी इयत्तेत एका मुलाचे नाव दाखल झाले. नोंदवहीत ते 'भिवा रामजी आंबेडकर' असे आहे आणि नोंदणी क्रमांक आहे १९१४. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ७ नोव्हेंबर हा दिवस 'विद्यार्थी दिन' म्हणून जाहीर केला, तो या नोंदीमुळे.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस आणि नंतर साताऱ्यास आले. भीमाबाईंचे निधन साताऱ्यातच झाले. त्यांचे स्मारक शहरात आहे आणि तेथे गेल्यावाचून आमची कोणतीही सहल परतत नाही. आई गेली तेव्हा भिवा पाच-सहा वर्षांचा होता. घर आत्याने सांभाळले. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुले आईवडिलांपासून दूर राहून शिकतात. त्या मुलांना या जागेचा अर्थ आपल्यापेक्षा लवकर कळतो, असा आमचा अनुभव आहे.

शाळेच्या दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढे १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या आत्मकथनपर टिपणात सांगितले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ते टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध केले. वर्गात गुणानुक्रमे बसण्याची रीत असली तरी या मुलाची जागा कोपऱ्यात, एकट्याची. बसायला घरून आणलेले गोणपाट, ते संध्याकाळी पुन्हा घरी न्यायचे, कारण शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावत नसे. तहान लागली तर इतर मुले नळ सोडून पाणी पीत. या मुलाने नळाला हात लावायचा नाही. शिपायाने येऊन नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच. केस कापायला न्हावी मिळत नसे, म्हणून मोठी बहीणच भावांचे केस कापी.

आम्ही मुलांना घेऊन या वास्तूपाशी उभे राहतो तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगतो. ही शाळा सरकारी होती. दार उघडे होते, नोंदवहीत नाव लिहून घेतले गेले होते. कायद्याने प्रवेश मिळाला आणि तरीही नळापर्यंतचा हात अडला. प्रवेश आणि समानता यांतील हे अंतर केवढे असते, हे समजण्यासाठी महाराष्ट्रात याहून योग्य वास्तू आम्हांस ठाऊक नाही. राजाने बांधलेला वाडा, इंग्रज सरकारची शाळा आणि गोणपाटावर बसलेला विद्यार्थी, असे तीन कालखंड तेथे एका छपराखाली आले आहेत. शाळा चालू असते, हे ध्यानात ठेवून आधी पत्राने परवानगी घ्यावी आणि सुटीचा किंवा मधल्या वेळेचा दिवस निवडावा.

मसूर ते गोरेगाव

त्याच टिपणात १९०१ सालच्या प्रवासाची हकिकत आहे. ती आपल्या बहुतेक वाचकांना ऐकून माहीत आहे, तथापि ज्या भूमीवर ती घडली ती फारच थोड्यांनी पाहिली आहे. म्हणून येथे ती जरा सविस्तर देतो.

रामजी त्या वेळी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या कामावर होते. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकार तेथे तलाव बांधत होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे असे त्यांनी पत्राने कळवले. मुलांच्या आनंदास पार राहिला नाही. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे जोडे अशी सारी तयारी झाली. आगगाडीचे स्टेशन घरापासून दहा मैलांवर. तेथवर टांगा, पुढे गाडी. मसूर स्टेशनावर मुले संध्याकाळी पाचच्या सुमारास उतरली. घ्यायला कोणीही आले नव्हते. येणार असल्याचे पत्र त्यांनी धाडले होते, पण रामजींच्या नोकराने ते त्यांना द्यायचे विसरून गेले होते.

मुलांचे कपडे पाहून स्टेशनमास्तरांना ती कोण्या बड्या घरची वाटली. त्यांनी आपुलकीने चौकशी केली. कोण तुम्ही, या प्रश्नावर मुलाने भाबडेपणाने जात सांगून टाकली आणि मास्तरांचा चेहरा बदलला. ते आत निघून गेले. बैलगाड्या होत्या, पण कोणी न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे. दहा वर्षांच्या आतबाहेरची मुले, अनोळखी रस्ता, पडलेली रात्र. शिदोरी सोडली तर पाणी नाही. गाडीवाल्याने दाखवलेल्या डबक्यात चिखल आणि गुरांचे मलमूत्र. मध्यरात्रीच्या सुमारास जकात नाक्यापाशी पोचल्यावर, आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहा, म्हणजे पाणी मिळेल, असा सल्ला मिळाला. मुलाने तसे उर्दूत सांगितलेही. नाकेदाराने डोंगराकडे बोट दाखवले. मुले भरल्या डब्यापाशी उपाशी निजली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गोरेगाव आले.

ही हकिकत वर्गात वाचून दाखवली तर मुले हळहळतात आणि विसरतात. मसूर स्टेशनाच्या फलाटावर ती वाचली तर विसरत नाहीत. मसूर हे आज कऱ्हाड तालुक्यातील, पुणे-मिरज लोहमार्गावरील एक छोटे स्टेशन आहे. तेथून खटावाकडे जाताना सुपीक कृष्णाकाठ मागे पडतो आणि पाऊसछायेचा उघडाबोडका प्रदेश लागतो. उन्हाळ्यात जाणाऱ्यास घशाची कोरड म्हणजे काय ते लगेच समजते. आम्ही त्या वाटेवर मुलांना एवढेच करायला सांगतो की, निघाल्यापासून किती अंतरावर पाण्याची पहिली जागा दिसली याची नोंद ठेवा. भूगोल आणि इतिहास यांची सांगड त्या एका नोंदीत पडते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वर-कोयनेचा धो-धो पाऊस आणि पूर्वेस माण-खटावचा कायमचा तुटवडा. सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळी कामावर तलाव का खणला जात होता, याचे उत्तर ढगांच्या वाटेत आहे. पण मुलांना पाणी का मिळाले नाही, याचे उत्तर तेथे नाही.

पाण्याचाच विषय निघाला म्हणून लिंब गावाचा उल्लेख करावयास हवा. साताऱ्याच्या उत्तरेस, महामार्गापासून थोडे आत, बारा मोटांची विहीर आहे. विरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात बांधली. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडलेली उपविहीर, दोहोंच्या मधोमध दगडी महाल आणि एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी सोय. खाली उतरणाऱ्या प्रशस्त पायऱ्या आणि सिंह-हत्तींची शिल्पे पाहून मुले हरखून जातात. बांधकाम अप्रतिम आहे यात शंका नाही. विहिरीशी उभे राहून कोण पाणी भरत असेल आणि कोणाला दुरून वाढले जात असेल, हा प्रश्न मुलेच विचारतात. शिक्षकाने घाई करू नये.

फुले दांपत्याची गावे आणि साताऱ्याचे बोर्डिंग

जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण. तेही खटाव तालुक्यातच. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे झाला. नायगावात त्यांचे स्मारक आहे. पुण्याकडून येणाऱ्यांनी शिरवळच्या बाजूने वळून आधी नायगाव करावे, म्हणजे वाट वाकडी होत नाही. मुलींना तेथे वेळ द्यावा. ज्या जिल्ह्यात बाबासाहेबांची शाळा आहे, त्याच जिल्ह्यात त्यांनी ज्यांना गुरू मानले त्या जोतीरावांच्या पूर्वजांचे गाव आहे, हे नकाशावर पाहताना मुलांना विलक्षण वाटते.

राहिले बोर्डिंग. आपण स्वतः निवासी विद्यालय चालवणारी माणसे असल्यामुळे या विषयावर आमची लेखणी थोडी रेंगाळेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले एका छताखाली राहतील, एका पंगतीस बसतील, स्वयंपाक आणि इतर कामे मिळून करतील, हा तेथील नियम होता. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. शाहू महाराज म्हणजे येथे कोल्हापूरचे राजर्षी. सातारच्या शाहू महाराजांशी मुले हमखास गोंधळ करतात, तो तेथेच सोडवून घ्यावा.

बोर्डिंग चालवणे म्हणजे काय, हे आपल्या पालकांस सांगायला नको. रोज दोन वेळा इतक्या तोंडांना घास घालायचा असतो. पैसे संपले तरी भूक थांबत नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकून मुलांच्या जेवणाची तजवीज केली आणि अखेर मंगळसूत्रही दिले. जैन घराण्यातील, सोवळ्या वातावरणात वाढलेली ही बाई सर्व जातींच्या मुलांना स्वतःच्या हाताने वाढू लागली. यासाठी तिला स्वतःच्या मनाशी किती झगडावे लागले असेल, याचा विचार भाऊरावांच्या कार्याच्या गौरवात मागे पडतो, असे आम्हांस वाटते. मुलांनी शेतात, बांधकामावर श्रम करून शिकावे हा 'कमवा आणि शिका'चा मार्ग येथूनच रूढ झाला. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे आणि ब्रीद स्वावलंबी शिक्षणाचे. साताऱ्यातील तिच्या मध्यवर्ती कार्यालयाच्या आवारात कर्मवीरांची समाधी आहे.

येथे थोडा मतभेदाचा मुद्दा नोंदवतो. आपल्या काही माजी विद्यार्थ्यांचे म्हणणे असे की, श्रम करून शिकण्याची अट गरिबाच्याच मुलाला का? सधनाचे मूल पुस्तक घेऊन बसते आणि आपल्या मुलाने आधी खोरे उचलायचे. आक्षेप वजनदार आहे. पिढ्यान् पिढ्या सक्तीचे श्रम केलेल्या समाजाला श्रमाची थोरवी शिकवण्याची गरज नव्हती. तरीही बोर्डिंगातील श्रमात एक वेगळेपण होते. तेथे विहीर खणणारा मुलगा तीच विहीर पिणारा होता आणि त्याच्या शेजारी खोरे धरणारा दुसऱ्या जातीचा होता. मसूरच्या वाटेवर जे घडले, त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत त्याच जिल्ह्यात अशी पंगत बसू लागली. वादाचा निकाल लावण्याची आम्हांस घाई नाही. आपल्या भोजनगृहात मुलांनी यावर चर्चा केली तर बरे.

आगाशिवची लेणी

सहलीचा दुसरा दिवस कऱ्हाडसाठी राखून ठेवावा. साताऱ्याहून दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर हे शहर आहे. शहरालगत नैर्ऋत्येस आगाशिवचा डोंगर आणि जखिणवाडी गाव. त्या डोंगराच्या कड्यांत साठाहून अधिक बौद्ध लेणी खोदलेली आहेत. कार्ल्याची भव्यता किंवा अजिंठ्याची चित्रे यांची अपेक्षा ठेवून गेल्यास निराशा होईल. येथील खडक भरड आहे, त्यावर नाजूक कोरीवकाम टिकत नाही. बहुतेक लेणी म्हणजे भिक्खूंची साधी निवासस्थाने : पुढे ओसरी, आत लहानसा मंडप, भोवती खोल्या आणि खोलीत निजण्यासाठी दगडी ओटा. काही चैत्यगृहांत स्तूप आहेत. बुद्धमूर्ती घडवण्याची प्रथा येण्यापूर्वीच्या परंपरेतील ही लेणी आहेत आणि स्तूप हेच तेथे वंदनेचे स्थान होते. एका चैत्यगृहाच्या दर्शनी खांबांवर धम्मचक्र आणि सिंह कोरलेले दिसतात. मुलांना ते शोधू द्यावेत.

एका लेण्यात संघमित्र नावाच्या दात्याने लेणे दान दिल्याचा छोटा ब्राह्मी लेख आहे. अशा लेखांत 'देयधम्म' हा शब्द येतो. देयधम्म म्हणजे धम्मासाठी दिलेले दान. पाण्याच्या टाक्याला लेण्यांच्या लेखांत 'पोढी' म्हणतात. आगाशिवलाही अशी खडकात खोदलेली टाकी आहेत. डोंगरावर राहणाऱ्याची आणि वाट चुकून येणाऱ्याची तहान भागवणे हा लेण्याच्या आखणीचाच भाग होता.

आता एक गोष्ट, जी आमच्या मते या सबंध सहलीत सर्वांत मोलाची आहे. कऱ्हाडचे प्राचीन नाव करहाकट. मध्य प्रदेशातील भरहुतच्या प्रसिद्ध स्तूपावर दात्यांचे जे लेख आहेत, त्यांत करहाकटाच्या निगमाने, म्हणजे तेथील व्यापारी-नागरिकांच्या समूहाने, दिलेल्या दानाची नोंद आहे. तो स्तूप इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. कोकणात कुडे येथील लेण्यांत करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान दिल्याचा लेख आहे. म्हणजे राजधानी म्हणून साताऱ्याचे नाव होण्याच्या सुमारे अठराशे वर्षे आधी या जिल्ह्यातील गाव भारतभर परिचित होते. ते कोण्या राजामुळे नव्हे, तर वर्गणी काढून शेकडो कोसांवरच्या स्तूपाला हातभार लावणाऱ्या सामान्य कारागीर-व्यापाऱ्यांमुळे. त्या पालकांना आम्ही हे सांगितले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र सहलीस स्वयंसेवक म्हणून आले.

वाईजवळ लोहारे गावाच्या परिसरातही बौद्ध लेण्यांचा लहान गट आहे. त्यातील मुख्य लेणे आज पालपेश्वर म्हणून शिवस्थान आहे. वाईस गेल्यास मराठी विश्वकोशाचे कार्यालय जेथून चालले ते गाव म्हणूनही त्याचा परिचय करून द्यावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तेथलेच. कास पठार, महाबळेश्वर, कोयना धरण ही ठिकाणे प्रेक्षणीय आहेत, परंतु दोन दिवसांत ती कोंबू नयेत. कास पाहायचेच तर पावसाळा संपत येताना फुलांच्या हंगामात स्वतंत्र जावे. ते पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांपैकी एक आहे आणि तेथे मुलांचा मोठा घोळका सोडणे फुलांसाठी बरे नव्हे.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पहिल्या दिवशी नायगाव, लिंब, राजवाडा, माहुली असे करून साताऱ्यास मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी चार भिंती, मग मसूरमार्गे कऱ्हाड. आगाशिवची चढण उन्हाच्या आधी किंवा उतरत्या उन्हात करावी आणि पायात चांगले बूट असावेत. पावसाळ्यात कडे निसरडे होतात, तेव्हा लहान मुलांना नेऊ नये. लेण्यांत वंदना घेताना धूप-मेणबत्त्या भिंतीलगत लावू नयेत, काजळीने अक्षरे बुजतात. ब्राह्मी लिपीचा तक्ता प्रत्येक वहीत चिकटवून न्यावा. 'स', 'घ', 'म' एवढी तीन अक्षरे जरी मुलाने स्वतः ओळखली, तरी त्याला संघमित्राचे नाव वाचता येऊ लागते.